परसातील झाडांवर हॅम रेडिओचा तारेचा अँटेना कसा टांगावा

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, परवाना मिळाला, सेट आला, वीजपुरवठ्याची सोय झाली, की उरतो तो अँटेना. आणि मराठवाड्यातील पुष्कळ नवे हॅम नेमके येथेच अडतात. लोखंडी टॉवर उभारणे खर्चाचे असते आणि जुन्या माळवदावर तो पेलण्याची ताकदही नसते. परंतु परसात कडुनिंब, अंगणात चिंच किंवा शेतातल्या आखाड्यावर आंब्याची दोन झाडे असतील, तर त्यांच्यामध्ये ताणलेली साधी तांब्याची तार ४० मीटर बँडवर, म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, उत्तम काम देते. या कामात तारेचा वाटा थोडा असून दोरी आणि फांदी यांचा वाटा मोठा आहे. तारेची लांबी चुकली तर पकडीने दहा मिनिटांत दुरुस्त करता येते. दोरी किंवा फांदी चुकीची निवडली, तर वळवाच्या पहिल्याच पावसात अँटेना अंगणात उतरतो. म्हणून या लेखात रेडिओशास्त्र बेताचे आणि दोरकाम अधिक आहे.

येथे जे वर्णन केले आहे ते अर्धतरंग डायपोलचे आहे, म्हणजे एकूण अर्ध्या तरंगलांबीच्या, दोन सारख्या भागांच्या तारेचे, जिच्या मध्यभागी सेटकडे जाणारी केबल जोडलेली असते. त्यावरून प्रक्षेपण करण्यासाठी दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचा परवाना हवा, हे वाचकाला ठाऊक आहे असे गृहीत धरले आहे.

विजेच्या तारा आधी पाहाव्यात

झाडाकडे पाहण्यापूर्वी आकाशाकडे पाहावे. आपल्याकडील गल्ल्यांतून कमी दाबाच्या तारा घरांच्या छताला खेटून जातात, आणि शेतात ११ केव्हीची लाइन बांधावरून किंवा थेट पिकावरून गेलेली असते. उन्हाळ्यात त्या तारांना झोळही जास्त पडतो. नियम एकच पाळावा : अँटेनाची तार, केबल किंवा फेकलेली दोरी कोणत्याही टोकाला तुटून कोणत्याही दिशेला पडली, वाऱ्याने उडाली, तरी ती विजेच्या तारेपर्यंत पोहोचता कामा नये. २० मीटर लांबीच्या डायपोलसाठी याचा अर्थ असा, की झाडापासून विजेची तार त्या २० मीटर तारेच्या आणि तिच्या टोकाच्या दोरीच्या एकत्रित लांबीच्या आत असेल तर ती जागा सोडून द्यावी किंवा मांडणी अशी बदलावी की सुटलेले टोक तेथवर जाणारच नाही. विजेच्या तारेच्या वरून किंवा खालून अँटेना नेणे हा पर्याय विचारातच घेऊ नये. ज्या फांद्या लाइनच्या दिशेने वाढल्या आहेत त्या पावसाळ्यापूर्वी महावितरणचे कर्मचारी छाटून टाकतात, हेही लक्षात ठेवावे. अशा फांदीवर टांगलेला अँटेना आपल्याला न विचारता खाली येईल.

दुसरी पाहणी मोहोळाची. वड, पिंपळ, चिंच यांच्या उंच फांद्यांखाली आग्यामोहोळ असू शकते आणि खालून ते वाळक्या पानांच्या झुबक्यासारखे दिसून सहज नजरेतून सुटते. झाडाला चारही बाजूंनी फेरी मारून, शक्य असल्यास दुर्बिणीने, प्रत्येक जाड फांदीची खालची बाजू पाहावी. मोहोळ असेल तर त्या झाडावर वजन फेकण्याचा विचार सोडावा. शेजारचेही झाड निवडू नये, कारण आग्या माश्या माणसाचा बराच लांबवर पाठलाग करतात.

झाडाची निवड

चिंच हे या कामासाठी आपल्याकडचे सर्वांत भरवशाचे झाड होय. तिचे लाकूड चिवट, फांद्या वाऱ्यात झुकणाऱ्या पण सहसा न मोडणाऱ्या, आणि पाने बारीक असल्यामुळे दोरी त्यांतून सहज सुटते. कडुनिंब दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. तो उंच वाढतो आणि घराजवळ हमखास असतो, मात्र जुन्या कडुनिंबाच्या फांद्या आतून पोकळ झालेल्या असू शकतात, म्हणून डिंक आलेली, भेगाळलेली किंवा पाने न फुटलेली फांदी टाळावी. आंबा मजबूत असतो, पण त्याच्या दाट पानोऱ्यातून दोरी नेणे म्हणजे सहनशीलतेची परीक्षाच. बाभळीचे लाकूड टणक असते, तरी काट्यांमुळे दोरी अडकते, सोलली जाते आणि माणूसही सोलला जातो. निलगिरी उंचीमुळे मोह घालते. ती वाऱ्यात फार डोलते आणि फांद्याही टाकते, तेव्हा वजनाची व्यवस्था चांगली असेल तरच ती घ्यावी. शेवगा, पांगारा, गुलमोहर आणि सुबाभूळ यांच्या वाटेला जाऊ नये.

शहरात, विशेषतः छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा महापालिकांच्या हद्दीत, फांद्या छाटण्यापूर्वी परवानगीचा विचार करावा लागतो, कारण नागरी भागातील वृक्षांच्या जतनासाठी महाराष्ट्रात १९७५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. सुदैवाने चांगल्या रीतीने टांगलेल्या अँटेनासाठी झाडाला ना कोयता लागतो, ना खिळा. खिळा ठोकणे तसेही चूकच असते. तेथून झाड किडते आणि काही वर्षांत तो खिळा सालीत गडप होतो.

कामाचा मोसम कोणता, याला आपल्याकडे चोख उत्तर आहे. संक्रांत उलटून पतंगांचा मांजा झाडांतून निघून गेला, की तेथून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ उत्तम. शिमग्याच्या सुमारास कडुनिंबाची पानगळ झालेली असते, फांद्यांचे बेचके खालून स्वच्छ दिसतात, आणि पाडव्याच्या पालवीपूर्वी दोरी जागेवर बसलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो. तेव्हा हे काम सकाळी नऊच्या आत संपवता येत असेल तरच हाती घ्यावे, शिवाय दुपारनंतर वादळाची टांगती तलवार असतेच.

किती उंच, कोणत्या दिशेला

४० मीटर बँडवर, म्हणजे भारतात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, पाव तरंगलांबी सुमारे १०.५ मीटर होते. डायपोल ८ ते १० मीटर उंचीवर असेल तर त्याची बरीचशी शक्ती आकाशात उभी वर जाते आणि आयनांबरावरून (वातावरणाच्या उंचावरील विद्युतभारित थरावरून) परतून भोवतालच्या काही शे किलोमीटरांवर पसरते. त्यामुळे दिवसा लातूरहून पुणे, हैदराबाद, नागपूर ही शहरे नीट मिळतात आणि मधला भाग कोरडा राहत नाही. दूरदेशांशी बोलण्याची हौस असलेले लोक या उंचीला नाके मुरडतात, परंतु आपत्तीच्या वेळी उपयोगी पडतो तो हाच जवळचा पल्ला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर हॅम मंडळींनी संदेशवहनाला हातभार लावला होता, आणि अशा प्रसंगी जिल्ह्याच्या ठिकाणाशी व मुंबईशी होणारा संपर्क ऑस्ट्रेलियाच्या संपर्कापेक्षा मोलाचा असतो. दूरचे देश हवेच असतील तर २० मीटर बँडचा डायपोल त्याच उंचीवर टांगावा. त्याची लांबी निम्मी असते आणि १० मीटर ही त्याच्यासाठी अर्धी तरंगलांबी झाली.

दिशेची फार चिंता करू नये. एवढ्या कमी उंचीवर ४० मीटरचा डायपोल जवळजवळ चहूकडे सारखाच ऐकतो. झाडे जेथे आहेत तीच दिशा योग्य मानावी. घरातील एलईडी दिवे, चार्जर, सौर इन्व्हर्टर यांपासून तार जितकी दूर जाईल तितकी खरखर कमी होते, म्हणून घराला समांतर तारेपेक्षा घरापासून दूर जाणारी तार बरी.

तार, मधला सांधा आणि केबल

घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते आणि या कामाला ती पुरते. वरचे प्लास्टिकचे वेष्टन काढू नये. पावसात पाने तारेला लागली तरी त्यामुळे फारसे बिघडत नाही. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातील इनॅमलची तार स्वस्त आणि नजरेला न दिसणारी असते, मात्र ती मऊ असल्याने ताणाखाली लांबत जाते आणि अँटेना ज्या वारंवारतेला जुळवला ती हळूहळू खाली घसरते. रानडुकरांसाठी लावतात त्या झटका मशीनच्या कुंपणाची लोखंडी तार वापरू नये, कारण तिचा विद्युतरोध जास्त असतो; त्याच कुंपणाचे इन्सुलेटर मात्र जरूर आणावेत, कारण कृषी सेवा केंद्रात सहज मिळणारे हे इन्सुलेटर उन्हापावसासाठीच बनवलेले असतात. तेही नसतील तर विजेच्या फिटिंगच्या जाड पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा दोन्ही टोकांना भोके पाडून वापरावा.

लांबीचे सूत्र सोपे आहे : १४३ भागिले मेगाहर्ट्झमधील वारंवारता, म्हणजे डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण १०.०७ मीटर. वेष्टनाच्या वायरीला याहून दोन ते चार टक्के कमी लांबी लागते, तरीही नंतर आखूड करता यावी म्हणून कापताना प्रत्येक बाजू १०.४० मीटर ठेवावी आणि टोकाच्या गाठीसाठी आणखी वीतभर सोडावी.

मधल्या सांध्यावर तिन्ही बाजूंचे वजन येते, म्हणून तेथे घाई करू नये. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या नायलॉनच्या किंवा अॅक्रिलिकच्या तळहाताएवढ्या तुकड्याला भोके पाडून दोन्ही तारा त्यांतून दोनदा ओवून घ्याव्यात आणि केबलही त्याच तुकड्याला केबल टायने आवळावी. ताण तुकड्याने घ्यावा, डाखाने नव्हे. एका बाजूची तार केबलच्या मधल्या तारेला आणि दुसरी जाळीला डाख देऊन जोडावी, आणि उघडा भाग आपोआप चिकटणाऱ्या रबरी टेपने गुंडाळून वरून एम-सील लावावे. केबलच्या जाळीत एकदा पाणी शिरले की ते जाळीतून केशाकर्षणाने खालपर्यंत उतरते आणि केबल निकामी होते. सांध्याला लागूनच एफटी-२४०-४३ या फेराइटच्या कड्यावर आरजी-५८ या बारीक केबलचे अकरा-बारा वेढे देऊन चोक करावा. त्याने केबलच्या बाहेरील बाजूवरून परतणारा प्रवाह अडतो आणि घरातील खरखर अँटेनापर्यंत चढत नाही.

केबल म्हणून आरजी-५८ ही ४० मीटर बँडला पुरेशी आहे; ३० मीटर लांबीत तिच्यात साधारण एक डेसिबल शक्ती वाया जाते, जी समोरच्याच्या कानाला कळतही नाही. जाड आरजी-२१३ मध्ये व्यय कमी असतो, पण तिचे वजन मीटरला दीडशे ग्रॅमच्या घरात जाते आणि हलक्या अँटेनाला ते झेपत नाही. डिश टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६ सुद्धा चालते, कारण डायपोलचा स्वतःचा रोध त्याच आसपास असतो. तिची जाळी बहुधा अॅल्युमिनियमची असल्याने डाख मात्र धरत नाही, तेथे स्क्रूचे जोड वापरावे लागतात.

दोरी

बाजारात सर्वत्र दिसणारी निळी किंवा पिवळी प्लास्टिकची दोरी, जिचे आपण दावे आणि कासरे करतो, ती येथे वापरू नये. ती पॉलिप्रॉपिलिनची असते आणि मराठवाड्याच्या उन्हात वर्षभरात तिचा भुगा होऊ लागतो; हातात धरली की बोटांना पांढरे तंतू चिकटतात, ती तिची शेवटची सूचना. काथ्या आणि सुतळी पावसात कुजतात. नायलॉन मजबूत असते, परंतु ओले झाले की लांबते. सर्वांत चांगली दोरी म्हणजे ३ ते ४ मिलिमीटर जाडीची, शक्यतो काळी, विणलेली पॉलिएस्टरची. ती थोडी महाग पडते आणि मोठ्या शहरातून किंवा ऑनलाइन मागवावी लागते, तरी साऱ्या कामात पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

प्रत्येक झाडासाठी फांदीच्या उंचीच्या किमान चौपट दोरी धरावी. अँटेना खाली उतरवता यावा यासाठी कप्पीतून जाणाऱ्या दोरीची लांबी उंचीच्या दुपटीहून जास्तच लागते, आणि दोरी कमी पडल्यावर वर अडकलेले टोक परत मिळवणे हे पहिल्यापासून सारे करण्यापेक्षाही जिकिरीचे असते.

फांदीवरून दोरी नेणे

झाडावर चढण्याचा विचार मनातून काढावा. जमिनीवर उभे राहूनच सर्व करता येते. गोफण हाताशी असली तरी ती वापरू नये. राखणीच्या माळ्यावरून ज्वारीवरची पाखरे उडवायला ती उत्तम, पण दगड नेमका कधी आणि कोणीकडे सुटेल हे परसात, घरे आणि गुरे आजूबाजूला असताना, नेम धरून सांगता येत नाही. त्याऐवजी गलोल घ्यावी. तिच्या सोबतीला मासेमारीची तंगूस, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची, आणि ३० ते ४० ग्रॅमचे गुळगुळीत, शक्यतो लांबट वजन लागते. नट-बोल्ट टाळावेत, कारण त्यांच्या कडा पानांत अडकतात. शिशाचा मासेमारीचा गोळा सर्वांत बरा, आणि त्याला भडक रंग द्यावा म्हणजे गवतात सापडतो.

तंगूस कशी सुटते यावर फेकीचे सारे यश अवलंबून असते. रीळ नसेल तर पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीवर तंगूस सैलसर गुंडाळावी, बाटली आडवी धरून तिचे तोंड फेकीच्या दिशेला करावे आणि साहाय्यकाने ती आपल्या शेजारी, किंचित पुढे धरून उभे राहावे. मग वळसे तोंडाकडून एकामागून एक घसरत जातात आणि गुंता होत नाही. जमिनीवर पसरलेली तंगूस काडीकचऱ्यात अडकतेच, म्हणून तसेच करायचे असेल तर खाली चादर अंथरावी.

नेम फांदीवर धरू नये, फांदीच्या वर दीड-दोन मीटर धरावा, आणि उभे राहावे ते झाडापासून साधारण फांदीच्या उंचीइतक्याच अंतरावर. निवडलेली फांदी मनगटाहून जाड असावी आणि दोरी खोडापासून एक-दीड मीटर बाहेर पडावी. अगदी शेंड्याचा हव्यास धरला तर तेथील काडी वाऱ्यात मोडते. डोळ्यांना चष्मा हवा, पलीकडच्या बाजूला कोणीही उभे नसावे, आणि मुले-गुरे आधीच दूर न्यावीत. वजन फांदीवरून पलीकडे गेले, पण मधल्या पानांत लोंबकळत राहिले, तर तंगूस हलकेच वरखाली सोडून झटके द्यावेत. बहुतेक वेळा ते स्वतःच्या वजनाने खाली सरकत येते.

फेक चुकीच्या फांदीवर गेली तर वजन मागे ओढू नये. ही एक गोष्ट पाळली तरी निम्मा वैताग वाचतो. मागे येणारे वजन काडीला गिरकी घेते आणि तेथेच कायमचे बसते. त्याऐवजी ते जमिनीपर्यंत खाली सोडावे, सोडवून घ्यावे आणि मग मोकळी तंगूस ओढून घ्यावी. मोकळे टोक कशालाही न अडता सुटून येते.

तंगूस योग्य जागी बसल्यावर तिने थेट जाड दोरी ओढू नये. आधी तिला दीड-दोन मिलिमीटरची नायलॉनची दोरी बांधून ती पलीकडे न्यावी आणि मग त्या दोरीने पॉलिएस्टरची दोरी ओढावी. प्रत्येक जोडावर चिकटपट्टी गुंडाळून गाठ निमुळती करावी, नाहीतर बेचक्यात नेमकी गाठच अडते. ओढताना तंगूस हाताला गुंडाळू नये. ती कातडी कापते. लाकडाच्या दांडक्याला गुंडाळून ओढावी.

कप्पी आणि वजन

आता जी दोरी फांदीवरून गेली आहे तिला अँटेना बांधू नये. तिच्या टोकाला चांगल्या प्रतीची, गंज न चढणारी छोटी कप्पी बांधावी, कप्पीतून दुसरी दोरी ओवावी, आणि मग पहिल्या दोरीने कप्पी फांदीपर्यंत चढवून ती दोरी खोडाला अडकवून टाकावी. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी शाळेच्या खांबावर झेंडा ज्या दोरीने चढतो, तशीच ही दुसरी दोरी कधीही वरखाली करता येते, आणि फांदीवरची दोरी जागची हलत नाही. दोरी फांदीवर सतत घासली तर आधी साल जाते आणि मग दोरीही जाते. म्हणून फांदीवर बसणाऱ्या भागावर ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटर नळीचा हातभर तुकडा ओवून तो वर चढवावा. शेतात अशा नळ्यांचे ढीग पडलेले असतात. खोडाला दोरी बांधताना ती फासासारखी आवळू नये. सैल वळसे घालून खालच्या फांदीच्या बुंध्याला किंवा खोडाला टेकवलेल्या लाकडी गुल्लीला अडकवावी, म्हणजे खोड वाढताना ती सालीत रुतत नाही.

दोन झाडे वाऱ्यात एकाच तालात कधीच डोलत नाहीत. तार दोन्ही टोकांना घट्ट बांधली तर जोराच्या झोतात सर्व ताण तिच्यावर येतो आणि ती तुटते. यावर उपाय म्हणजे एका बाजूला दोरी पक्की बांधावी आणि दुसऱ्या बाजूला कप्पीतून आलेल्या दोरीला वजन लटकवावे. झाड झुकले की वजन वर जाते, परतले की खाली येते, आणि तारेवरचा ताण साधारण तेवढाच राहतो. वजन म्हणून खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन उत्तम. त्यात पाणी कमी-अधिक करून नेमका ताण ठरवता येतो, आणि एकदा तो ठरला की पाण्याऐवजी तेवढ्याच वजनाची वाळू भरून कॅन जाड गोणपाटात गुंडाळावा, कारण उन्हाने तोही ठिसूळ होतो.

किती वजन ठेवावे, याचा थोडा हिशेब करून पाहणे उपयोगाचे आहे. दोन कप्प्यांमधील अंतर २६ मीटर धरले, म्हणजे डायपोलच्या दोन्ही टोकांना तीन-तीन मीटर दोरी उरते. तारेचे वजन सुमारे ४०० ग्रॅम, आणि मध्यभागी लोंबणारी दहा मीटर आरजी-५८ व चोक मिळून सुमारे ५५० ग्रॅम होतात. वजन ५ किलो ठेवले तर मध्यभागी साधारण १ मीटर झोळ येतो. १० किलो ठेवले तर तो अर्धा होतो, पण १.५ चौरस मिलिमीटरची मऊ तांब्याची तार तेवढ्या ताणाला लांबू लागते. तेव्हा ५ किलोवर थांबावे आणि मीटरभर झोळ आनंदाने स्वीकारावा. त्याच मांडणीत आरजी-२१३ लावली तर झोळ अडीच मीटरवर जातो. जाड केबल न घेण्याचे खरे कारण हे आहे. झोळ फारच खटकत असेल तर मधल्या सांध्याला तिसऱ्या झाडावरून किंवा बांबूवरून आधार द्यावा.

वजन जमिनीपासून मीटर-दीड मीटर वर लटकावे आणि त्याच्याखाली कोणी बसत नाही, गाय-म्हैस बांधली जात नाही, हे पाहावे. तार तुटली तर ते धाडकन खाली येते. वजनाला खोडाभोवती एक सैल दोरीचा वेढा दिला, तर ते वाऱ्याने हेलकावेही खात नाही. पक्क्या बाजूची दोरी जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधण्याचा मोह काळ्या मातीत टाळावा. ती माती पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात भेगाळून खुंटी सैल करते. खोडच बरे.

जुळवणी

अँटेना पूर्ण उंचीवर चढवूनच मोजावा, कारण जमिनीजवळ घेतलेले माप उंचीवर बदलते. नॅनोव्हीएनए या छोट्या मापन-उपकरणावर किंवा एसडब्ल्यूआर मीटरवर सर्वांत कमी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून सेटकडे किती शक्ती परत येते याचे माप) कोणत्या वारंवारतेवर येतो ते पाहावे. समजा तो ६.८५ मेगाहर्ट्झवर आला. मग हवी असलेली लांबी म्हणजे १०.४० गुणिले ६.८५ भागिले ७.१, अर्थात १०.०३ मीटर, प्रत्येक बाजूने ३७ सेंटिमीटर कमी करायचे. प्रथम कापू नये. टोके खाली उतरवून तेवढी तार मागे दुमडून मूळ तारेला घट्ट पिळावी आणि पुन्हा मोजावे, माप पटल्यावरच जादा भाग कापावा किंवा तसाच राहू द्यावा. कप्पीमुळे हे दहा मिनिटांचे काम होते; कप्पी नसती तर पुन्हा गलोल काढावी लागली असती. संपूर्ण ७.० ते ७.२ पट्ट्यात एसडब्ल्यूआर दोनच्या आत असेल तर आणखी खटपट करू नये. पावसात पाने ओली झाल्यावर सर्वांत कमी एसडब्ल्यूआरची वारंवारता थोडी खाली सरकते, ते साहजिक आहे.

केबल सांध्यापासून शक्य तितकी सरळ खाली, तारेशी काटकोनात उतरवावी. जमिनीवरून घरापर्यंत नेताना ती पीव्हीसी पाइपमधून न्यावी. घुशी आणि उंदीर प्लास्टिकचे वेष्टन आवडीने कुरतडतात. खिडकीतून आत येण्यापूर्वी केबलला खाली झुकलेला वळसा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच गळून पडते.

झाड एकच असेल तर

तर डायपोलचा मध्यच वर न्यावा आणि दोन्ही बाजू तिरप्या खाली उतरवाव्यात. दोन बाजूंमधील कोन ९० अंशांपेक्षा कमी नसावा. अशा उलट्या ‘व्ही’ आकारात तार किंचित आखूड करावी लागते, आणि केबलचे वजन थेट फांदीवर येत असल्याने झोळाचा प्रश्नच उरत नाही. मात्र टोके जमिनीपासून तीन मीटरच्या वर ठेवावीत, कारण १०० वॉट शक्तीवर टोकाला शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि हात लागल्यास चांगलाच चटका बसतो. या एका मांडणीत कप्पीवाचून काम चालू शकते, तरी ती लावावीच.

वळीव, वानरे आणि देखभाल

मराठवाड्यात दरवर्षी विजा पडून माणसे आणि जनावरे दगावतात, आणि एकाकी उंच झाड हेच विजेचे आवडते ठिकाण असते. अँटेनावर थेट वीज पडली तर कोणतेही उपकरण वाचवत नाही, पण जवळपास पडलेल्या विजेने तारेत उठणारा दाबही सेट जाळायला पुरेसा असतो. म्हणून सेट वापरात नसताना केबल नेहमीच काढून ठेवावी, आणि काढलेले टोक खोलीत न ठेवता खिडकीबाहेर सोडावे. केबल घरात शिरते तेथे गॅस ट्यूबचा अरेस्टर (विजेचा वाढीव दाब जमिनीत उतरवणारे उपकरण) बसवून तो चांगल्या अर्थिंगला जोडावा. हे अर्थिंग घराच्या मुख्य अर्थिंगशीही जोडलेले असावे. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते तेव्हा नुसता ठोकलेला रॉड नावालाच उरतो, तेव्हा खड्ड्यात मीठ-कोळसा घालून अधूनमधून पाणी सोडावे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप आसपासच्या विजांची सूचना देते. ते घ्यावे, पण गडगडाट कानावर आल्यावर अॅप उघडत बसू नये. केबल त्याआधीच सुटलेली असली पाहिजे, आणि कडकडाट डोक्यावर आल्यावर तिला हात लावायला जाऊ नये.

वानरांची टोळी गावात फिरत असेल तर त्यांच्या उड्यांनी दोरी तुटत नाही, पण वजनाचा कॅन त्यांना फार आवडतो; गोणपाटाचा त्यासाठीही उपयोग होतो. खारी दोरी कुरतडतात, म्हणून कप्पीजवळचा भाग मृग नक्षत्रापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा खाली उतरवून पाहावा. त्याच वेळी सांध्याची टेप, केबलचे वेष्टन आणि खोडावरचे वळसे तपासावेत, आणि नवी वाढ तारेला लागत असेल तर वळसा सोडून कप्पी शेजारच्या बेचक्यात हलवावी. कप्पीतील दोरी बदलायची असेल तर जुन्या दोरीच्या टोकाला नवी शिवून ती ओढून घ्यावी. गलोलीची पुन्हा गरज पडत नाही.

वादळानंतर तार किंवा दोरी खाली आलेली दिसली, तर हात लावण्यापूर्वी तिची दोन्ही टोके कोठे गेली आहेत हे लांबून पाहावे. तुटलेली विजेची तार तिला कोठे चिकटली असण्याची थोडीही शंका असेल, तर मुले आणि जनावरे दूर करावीत, घरातील केबलला किंवा सेटलाही स्पर्श करू नये, आणि १९१२ या क्रमांकावर कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबावे.